नवा अ‍ॅम्प घेण्याआधी जुन्याची डावी बाजू तपासा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी आम्ही दोघंच असतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गाणं ऐकणं हाच माझा मोठा आनंद. मामंजींचा रेकॉर्ड प्लेअर आणि त्यांच्या नाट्यसंगीताच्या, शास्त्रीयच्या रेकॉर्डी आहेत, एक सीडी प्लेअर आहे आणि मुलाने दिलेले दोन छोटे स्पीकर. स्पीकरच्या मागे ६ ओहम, ८६ डेसिबल असं लिहिलंय. अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, वीसेक वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा डावा आवाज मधूनच जातो, व्हॉल्यूम मोठा केला की परत येतो. भाचा म्हणतो, २०० वॅटचा ऑनलाइन मागवून टाक. कणकवलीचे दुकानदार म्हणतात, होम थिएटरचा रिसिव्हर घ्या, टीव्हीलाही लागेल. शेजारी मंडपवाले आहेत, ते म्हणतात, भजनाला लावतो तसलाच घ्या, कधी मरायचा नाही. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. घेण्याआधी ऐकून बघावा असं मनात आहे, पण कुठे आणि कसा? आणि साठी उलटलेल्या कानांना फरक कळतो का? आमचे हे म्हणतात, सगळे सारखेच वाजतात.

— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: व्हॉल्यूम मोठा केला की डावा आवाज परत येतो. हे लक्षण ओळखीचं आहे, आणि बहुतेक वेळा अ‍ॅम्प संपल्याचं ते लक्षण नसतं.

अ‍ॅम्प चालू केला की दोन-चार सेकंदांनी आतून ‘टक’ असा आवाज येतो ना? तो रिले. आतलं सगळं स्थिर होईपर्यंत स्पीकर तोडून ठेवायचे आणि मग जोडायचे, हे त्याचं काम. स्पीकरकडे जाणारा सगळा आवाज त्याच्या इवल्याशा धातूच्या टिकल्यांमधून जातो. वर्षानुवर्षं दमट हवेत राहून त्या टिकल्यांवर थर बसतो. हळू आवाजातला क्षीण प्रवाह त्या थरापाशी अडतो. आवाज वाढवला की प्रवाहाला जोर येतो, थर भेदला जातो आणि गाणं पुन्हा दोन्हीकडून यायला लागतं. पावसाळ्यात दुखणं सुरू झालं, तेही याच्याशी जुळतं. रिले ही काही शे रुपयांची वस्तू आहे.

पण आधी खात्री करा. अ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा आणि मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. लाल-काळं चुकवू नका, आणि एका वायरीचे केस दुसरीला चिकटत नाहीत ना, हे नीट पाहा. मग लावा. आता उजवा स्पीकर गप्प व्हायला लागला, तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. डावाच गप्प होत राहिला, तर अ‍ॅम्प निर्दोष. वायर किंवा स्पीकर पाहायचा. दोष अ‍ॅम्पकडे निघाला, तर वायरी पूर्ववत करून सीडी प्लेअरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करून तेच पाहा: डावाच गप्प होत राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये, बाजू बदलली तर त्याच्या आधी. एवढं घरबसल्या, एक पैसा खर्च न करता होतं. याच्यापुढे अ‍ॅम्पचं झाकण मात्र तुम्ही उघडू नका. आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा जाणता मेकॅनिक गाठा, त्याला लक्षण तुमच्या पत्रातल्याच शब्दांत सांगा, आणि रिले बदलायला, व्हॉल्यूम व सिलेक्टरच्या खटक्यांमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला सांगा.

हे सगळं मी नवा घेऊ नका म्हणून सांगत नाही. वीस वर्षांच्या यंत्राच्या जागी नवं आणावंसं वाटणं योग्यच आहे. पण जुना नीट वाजत असेल, तर नवा निवडताना घाई राहत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नव्याची तुलना करायला घरात एक माप राहतं. एकच अ‍ॅम्प ऐकून ‘छान वाजतो’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. छान सगळेच वाजतात. दोन शेजारी-शेजारी ठेवून ऐकले, की मग कान कामाला लागतात.

आता भाच्याचे २०० वॅट. तुमच्या स्पीकरवरचा ८६ डेसिबल हा आकडा सांगतो, की स्पीकरला साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज होतो. माणसांचं साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे तीन मीटरवर खुर्ची टाकून बसलात तरी एकेका वॅटमध्ये दोन्ही स्पीकर मिळून खोलीतलं बोलणं बुडेल एवढं गाणं वाजतं. तबल्याची थाप, पखवाजाचा खुला बोल, तार सप्तकातली एखादी झेप अशा क्षणांना दहा ते तीस वॅट लागतील. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो, आणि तो फरक कानाला थोडासाच जाणवतो. ५० वॅटचा अ‍ॅम्प आणि २०० वॅटचा अ‍ॅम्प यांच्यात टोकाला जाऊन ६ डेसिबलचं अंतर आहे, आणि त्या टोकापर्यंत तुम्ही कधी जाणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एनएडी कंपनीने ३०२० नावाचा अ‍ॅम्प काढला. कागदावर तो चॅनेलमागे (डावा एक चॅनेल, उजवा एक) अवघ्या २० वॅटचा होता, आणि आजही जगभरातले शौकीन तो शोधून, दुरुस्त करून वापरतात. तुम्हाला ४० ते ६० खरे वॅट पुष्कळ झाले.

‘खरे’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय. खोक्यावरचा आकडा कशा परिस्थितीत मोजला, ते वाचा. ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत, दोन्ही चॅनेल एकत्र चालू ठेवून, अगदी कमी विकृतीसह, असं लिहिलेलं असेल तर तो आकडा भरवशाचा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनेल चालू’ असं लिहिलं असेल (टीएचडी म्हणजे विकृतीचं प्रमाण), तर तो एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आकडा आहे. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, लिहिलेला दिसला तर त्या वस्तूकडे बघूच नका. आणि तुमचे स्पीकर ६ ओहमचे आहेत, म्हणून अ‍ॅम्पच्या मागे स्पीकरच्या खुंट्यांपाशी ४ ओहमपासून चालेल असं छापलेलं हवं. ८ पासूनच चालेल असं असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

कणकवलीच्या दुकानदारांचा सल्ला वाईट नाही, पण तो तुमच्या ऐकण्यासाठी नाही. रिसिव्हरमध्ये पाच किंवा सात अ‍ॅम्प, डॉल्बीची सगळी यंत्रणा, एचडीएमआयचे सॉकेट, सगळं एकाच किमतीत बसवलेलं असतं. तुम्हाला त्यातले दोनच चॅनेल लागणार. तेच पैसे दोन चॅनेलच्या स्टीरिओ अ‍ॅम्पमध्ये घातले, तर ते ट्रान्सफॉर्मरमध्ये, वीजपुरवठ्यात, चांगल्या सॉकेटमध्ये जातात. टीव्ही जोडायचाच असेल, तर आजकालच्या बऱ्याच स्टीरिओ अ‍ॅम्पना ऑप्टिकल सॉकेट असतो. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘पीसीएम’वर ठेवावा लागतो, कारण साध्या स्टीरिओ अ‍ॅम्पला डॉल्बीचा सिग्नल उलगडता येत नाही. हे न केल्यामुळे काहीच आवाज येत नाही, आणि माणसं नवा अ‍ॅम्प बिघडला म्हणून परत पाठवतात.

मंडपवाल्या शेजाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या धंद्यापुरतं बरोबर आहे. भजनाच्या डबलबारीला रात्रभर, धुळीत, जनरेटरवर चालणारं यंत्र दणकटच लागतं. पण तसल्या बऱ्याच अ‍ॅम्पमधून कर्ण्यांना लांबलचक वायरीवरून आवाज न्यायला १०० व्होल्टची लाइन निघते, पुढच्या तोंडाला माइकची बटणं असतात, रेकॉर्ड प्लेअरचा सॉकेट नसतो, आणि पंखा असेल तर तो शांत माजघरात आलापाच्या वेळी ऐकू येतो. शिवाय चुकून १०० व्होल्टच्या खुंटीला घरचा स्पीकर जोडला गेला, तर तो तिथेच जळेल.

तेव्हा तुमच्यासाठी: दोन चॅनेलचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, ४० ते ६० वॅट, ४ ओहम चालणारा, आतच ‘फोनो एमएम’ म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सॉकेट असलेला, भारतातल्या अधिकृत वॉरंटीचा. यामाहा आणि डेनॉनच्या सुरुवातीच्या किमतीतल्या मॉडेलांपासून शोधायला सुरुवात करा. मरांझ, केंब्रिज ऑडिओ, एनएडी यांचेही असे अ‍ॅम्प आहेत, किमती वर-खाली. क्लास डी म्हणून हलके, जवळपास न तापणारे अ‍ॅम्प येतात; वजन कमी म्हणून त्यांना नाकारू नका, तुमच्या दमट उकाड्यात न तापणं हा गुणच आहे. परदेशातल्या कुणी स्वस्तात आणून देतो म्हटलं, तर व्होल्टेज विचारा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, जपानातलं १०० चं. आपल्या २३० वर थेट लावलं तर ते गेलंच.

फोनोच्या सॉकेटवर अडून बसा. सीडी प्लेअर २ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो, आणि रेकॉर्ड प्लेअरचं साधं एमएम कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशे पटींनी कमी. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस दाबून आणि ट्रेबल उचलून कापलेली असते. ते उलट फिरवून मूळ गाणं परत मिळवायचं काम फोनोचा भाग करतो. तो नसलेल्या अ‍ॅम्पला रेकॉर्ड प्लेअर लावला तर आवाज बारीक, चिरका येतो. वेगळा फोनो डबा मिळतो, पण आणखी एक डबा, आणखी एक अडॅप्टर, आणखी दोन जोड. खाऱ्या हवेत जोड जितके कमी तितकं बरं.

ऐकायचा कुठे? देवगडहून तुम्हाला कोल्हापूर किंवा पणजी जवळ, आणि मुंबईला जाणं होतच असेल. निघण्याआधी फोन करून विचारा, की अमुक मॉडेल डेमोला लावून ठेवलंय का. पुष्कळदा ते फक्त खोक्यात असतं. दुकानात जाताना दोन गोष्टी बरोबर न्या: तुमच्या पाठ असलेल्या एक-दोन सीडी आणि शक्य असेल तर तुमचे स्पीकर. छोटे स्पीकर गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आरामात जातात. दुकानातल्या लाखभर रुपयांच्या स्पीकरवर अ‍ॅम्प ऐकलात, तर तुम्ही स्पीकरच ऐकून याल. स्पीकर आणि खोली या दोन गोष्टींमुळे आवाजात जेवढा फरक पडतो, त्याच्या पासंगालाही दोन चांगल्या अ‍ॅम्पमधला फरक पुरत नाही. विक्रेत्याने लावलेल्या त्याच्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. ती गाणी कुठल्याही यंत्रावर झगमगतात, म्हणूनच निवडलेली असतात.

पण खरं ऐकणं घरीच. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली गुळगुळीत फरशी अशी तुमची खोली असेल, तर ती दुकानातल्या गालिचा अंथरलेल्या, पडदे सोडलेल्या खोलीसारखी बिलकुल वाजत नाही. फरशीवरून ट्रेबल उसळतो, आणि कौलांखाली वेगळं छत नसेल तर त्यांच्या फटींतून बेस निघून जातो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा: अनामत ठेवून डेमोचा अ‍ॅम्प आठवडाभर घरी न्यायला द्याल का? काही जण देतात, विशेषतः गिऱ्हाईक बोलायला जाणतं वाटलं तर. ऑनलाइन घेणार असाल तर ‘परत’ आणि ‘बदलून’ यातला फरक वाचूनच पैसे भरा. बऱ्याच ठिकाणी बिघडलेली वस्तू बदलून देतात, पण आवडली नाही म्हणून पैसे परत देत नाहीत. खोकं, थर्मोकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, काही फेकू नका.

आता तुलना कशी करायची ते नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन अ‍ॅम्पपैकी जो किंचित मोठा वाजतो तो कानाला जास्त ‘भरदार’ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. त्यामुळे आवाज थोडा वाढवला तरी खर्ज भरल्यासारखा वाटतो आणि आपण म्हणतो, वा, काय अ‍ॅम्प आहे. फरक मात्र नुसता व्हॉल्यूमच्या खटक्याचा. म्हणून दोन्हींचा आवाज आधी समान करायचा.

त्यासाठी मल्टीमीटर लागतो, घरात नसेल तर वायरमनकडून तासाभरासाठी मागून घ्या. मोबाइलवर २०० हर्ट्‌झचा एकसारखा सूर मिळतो. तो अ‍ॅम्पमधून हळूच वाजवा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन काड्या एका स्पीकरच्या मागच्या लाल आणि काळ्या खुंटीला टेकवा, पण काड्या एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर अ‍ॅम्पला शॉर्ट बसेल. समजा आकडा अर्धा व्होल्ट आला. दुसरा अ‍ॅम्प लावल्यावर व्हॉल्यूम असा ठेवा, की आकडा तोच येईल, जमेल तितका बरोबर. मल्टीमीटर नाहीच मिळाला तर मोबाइलमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवून काम भागवा. ते तितकं अचूक नाही, पण कानाच्या अंदाजापेक्षा बरं. बेस-ट्रेबलची बटणं मधोमध, ‘लाउडनेस’ बंद. वायरी बदलताना दर वेळी अ‍ॅम्प बंद.

मग तुमच्या यजमानांना अ‍ॅम्पच्या मागे बसवा. त्यांचं मत मला मोलाचं वाटतं, कारण ते बरंचसं खरं आहे. चांगले बनवलेले दोन अ‍ॅम्प, आवाज समान ठेवून, ताण न देता वाजवले तर फार जवळ येतात. ते बदलतील, तुम्ही पाठ करून बसायचं आणि कागदावर लिहायचं, आता जुना की नवा. कुठला लावलाय हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. दोनेक डझन वेळा करा, एका संध्याकाळी नाही, जमेल तसं. शेवटी चिठ्ठ्या जुळवा. निम्म्याच बरोबर आल्या तर फरक कानाला कळत नाहीये, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट मग तुम्ही सोय, सॉकेट आणि सर्व्हिस बघून निर्धास्त निवड करू शकता.

काय ऐकायचं? तानपुरा. ख्यालाच्या सुरुवातीला गायक अजून बोललेला नसतो, तेव्हाचे पहिले अर्धा-एक मिनिट. जवारी नीट लावलेल्या तानपुऱ्याच्या एका छेडीतून खाली खर्ज आणि वर सूक्ष्म स्वरांची एक उलगडत जाणारी झालर येते, आणि ती पुढच्या छेडीपर्यंत सलग राहते. त्या झालरीत कुठे खरखर, कुठे कोरडेपणा येतो का, दोन छेडींमधली जागा शांत आहे का, हे ऐका. डग्ग्यावरची मींड खाली जाताना स्वर म्हणून ऐकू येते की नुसती धमक होते? हार्मोनियमच्या पट्ट्यांचा मंद खडखडाट गायकाच्या आवाजामागे वेगळा राहतो का? ‘स’, ‘श’ टोचतात का?

तुमच्या कानांबद्दल निश्चिंत राहा. वयाबरोबर आधी जातो तो बहुतेक करून अगदी वरचा पल्ला. गाण्याचा, तानपुऱ्याचा, तबल्याचा मुख्य ऐवज त्याच्या खाली आहे. आणि आयुष्यभर ऐकून तयार झालेलं लक्ष तुमच्यापाशी आहे, ते तिशीतल्या कानांना उसनं मिळत नाही. बोलणंच अस्पष्ट ऐकू येत असेल, तर मात्र आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या, अ‍ॅम्प नंतर.

आवाजाच्या गोडीपेक्षा घरच्या आठवड्यात ज्या बारीक गोष्टी उघड होतात, त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. रात्री सगळं निजल्यावर व्हॉल्यूम अगदी तळाशी ठेवून ऐका. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये बटण तळाशी असताना एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाजते, गाणारा मधोमध न राहता एका स्पीकरकडे सरकतो. दुकानात कुणी इतक्या हळू ऐकवत नाही, त्यामुळे हे तिथे कळतच नाही. रिमोटने एक टिचकी मारली की आवाज किती उडी घेतो, तेही तेव्हाच कळतं. फोनोवर ठेवून, सुई उचललेली असताना, तुमच्या नेहमीच्या व्हॉल्यूमवर खुर्चीत बसा. घुंऽऽ ऐकू येतंय? रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला जोडलीय ना, बघा. तरी राहिलं तर घरच्या अर्थिंगकडे वळा. तासभर वाजवून झाल्यावर वरच्या पत्र्यावर हात ठेवा; कोमट, गरम ठीक, हात ठेववत नसेल तर तुमच्या हवेत तो नको.

संध्याकाळी घरोघरी दिवे, टीव्ही, पंप चालू झाल्यावर मल्टीमीटरने सॉकेटमधलं व्होल्टेजही एकदा पाहा आणि तेव्हाच अ‍ॅम्प लावा. ट्रान्सफॉर्मर डब्यातल्या डब्यात गुणगुणतो का, कान लावून ऐका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घरघरतो. कौलांवर पाऊस कोसळत असेल किंवा समुद्राची गाज चढलेली असेल, त्या दिवशी तुलना करू नका. ती रात्र नुसतं ऐकायला ठेवा.

घेतल्यावर सांभाळायचं थोडं. स्पीकरच्या वायरीची उघडी टोकं तुमच्याकडे हिरवी पडणारच. दर पावसाळ्यानंतर इंचभर कापून नवं तांबं सोला. अ‍ॅम्पवर विणलेला रुमाल घालायची आपल्याकडे पद्धत आहे. चालू असताना तो काढून ठेवा, वरच्या फटी उघड्या राहू द्या. मात्र मागचे मोकळे सॉकेट प्लास्टिकच्या टोप्या लावून झाका, कुंभारमाशी मातीचं घर करायला अशीच भोकं शोधते, आणि उबेला पाली आत शिरतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढाच, आणि टीव्ही जोडलेला असेल तर डिशची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते. सर्ज प्रोटेक्टर लावावा, पण जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा धरू नये.

बिल घेताना त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे विक्रेत्याकडून नाही, कंपनीच्या फोनवरून विचारा. मुंबईला पाठवावा लागणार असेल तर जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, तेही विचारून ठेवा.

एक राहिलं. मामंजींच्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. साध्या गोल टोकाच्या सुईचं आयुष्य ५०० तासांच्या आसपास धरतात. रोज तासभर ऐकलं तर दीड वर्षातच ते भरतं. झिजलेली सुई ‘स’ फाडते, तार सप्तकात आवाज चिरकतो, आणि आपण दोष अ‍ॅम्पला देतो. त्याहून वाईट म्हणजे ती रेकॉर्ड खरवडत राहते, आणि तुमच्याकडच्या काही रेकॉर्डी पुन्हा मिळायच्या नाहीत. कार्ट्रिजच्या पुढच्या तोंडावर कंपनीचं नाव आणि नंबर असतो, भिंगातून बघून मला कळवा. त्याची सुई अजून मिळते का, ते मी सांगेन. चाळीस हजारांतले दोन-तीन हजार आधी तिच्यासाठी बाजूला काढा, आणि नव्या अ‍ॅम्पची तुलना नवी सुई बसवल्यावरच करा.